पैलतीरावरून दिसणारे गाव

मराठीत ‘बेट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन ते बेट. आणि एकाच कंदातून वर आलेल्या कळकांचा जुंबाडा, तेही बेटच. पहिला अर्थ आपण भूगोलाच्या तासाला पाठ करतो, दुसरा शेतकऱ्याच्या तोंडून ऐकतो. इतिहास वाचता वाचता मला मात्र हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसू लागले आहेत. बेटावर राहणारी माणसे कळकाच्या बेटासारखीच तळाशी एकमेकांत गुंतलेली असतात. एखादा कळक तोडून नेता येतो. सगळे बेट हलवायचे म्हणजे माती खणावी लागते, आणि खणलेली माती पुन्हा पूर्वीसारखी बसत नाही.

आमच्या निमाडात समुद्र नाही. बऱ्हाणपूरला तापी आहे, खंडव्यापलीकडे नर्मदा आहे. नर्मदेच्या पात्रातले मांधाता म्हणजे ओंकारेश्वराचे बेट सोडले, तर बेट हा शब्द आमच्या रोजच्या बोलण्यात येण्याचे कारण नव्हते. पण 2004 नंतर ‘टापू’ हा हिंदी शब्द खंडवा, बडवानी आणि धार या जिल्ह्यांत घरोघरी झाला. धरणांच्या पाण्याने गावे बुडाली, टेकड्या तेवढ्या वर राहिल्या. कालपर्यंत जिथे बैलगाडी जात होती, तिथे नाव जाऊ लागली. बेट सोडून मुख्य भूमीवर येण्याचे जे दुःख आपण कोकण-गोव्याचे म्हणून वाचत होतो, ते समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या आमच्या अंगणात येऊन बसले.

हे दुःख नेमके कशाचे असते? घराचे म्हणावे, तर घर दुसरीकडे बांधता येते. जमिनीचे म्हणावे, तर जमिनीला जमीन मिळू शकते, निदान मिळायला हवी. तरीही काही उरतेच. ते काय, हे समजून घेण्यासाठी आधी साडेचारशे वर्षे मागे, गोव्याच्या मांडवी नदीवर जावे लागेल.

जुन्या गोव्यासमोर मांडवीच्या पात्रात दिवाडी नावाचे बेट आहे. कदंब राजांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर या बेटावर होते. कदंबांच्या सुवर्णनाण्यांवर या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख कोरलेला सापडतो, यावरून त्या स्थानाचे महत्त्व कळावे. बहामनी स्वारीत देऊळ पडले. पुढे विजयनगरच्या अमदानीत, 14व्या शतकाच्या अखेरीस, माधव मंत्र्याने ते पुन्हा उभे केले. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि तीस वर्षांनी, 1540 च्या सुमारास, तिसवाडीच्या बेटांवरील देवळे पाडण्याचा सपाटा सुरू झाला. त्यात सप्तकोटेश्वराचे देऊळही गेले. 1541 मध्ये पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवण्यात आले. म्हणजे देव गेला, देवाचे शेत गेले, आणि त्या शेतावर जगणारे पुजारी, वाजंत्री, सेवेकरी यांच्या पायाखालची वाळूही सरकली. 1560 मध्ये धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यात आली, तेव्हा राहिलेल्यांपुढे दोनच वाटा होत्या. धर्म बदलून बेटावर राहायचे, नाहीतर धर्म राखून बेट सोडायचे.

सप्तकोटेश्वराचे लिंग एका विहिरीच्या कामात लावले गेले होते, असे सांगतात. भाविकांनी ते तेथून काढले आणि नदीच्या उत्तरेच्या फाट्यापलीकडे नार्वे गावी नेऊन ठेवले. नार्वे तेव्हा आदिलशाहीत होते. नकाशात पाहिले, तर हे अंतर किती? नावेने काही मिनिटांचे. आजही नार्व्याहून दिवाडीला फेरीबोट जाते. पण त्या काळी त्या काही मिनिटांत माणसाचे राज्य बदलत होते, कायदा बदलत होता, आणि मागे राहिलेल्या सख्ख्या भावाचे नावसुद्धा बदलत होते.

हे शेवटचे मला सर्वांत जिव्हारी लागते. बेट सगळ्यांनी सोडले नाही. जे गेले ते गेले, जे राहिले त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जमीन कसायची तर कोणी तरी राहणे भागच होते. एका घरातला एक काठावर उभा आणि दुसरा नावेत, असे ते निघणे होते. आपण इतिहास लिहिताना गेलेल्यांच्या निष्ठेचे गोडवे गातो आणि राहिलेल्यांना विसरतो. खरे तर दोघांनीही काही ना काही सोडले. एकाने बेट सोडले, दुसऱ्याने देव. एकाने दुसऱ्याला हरवले, ही तूट दोघांच्याही वाट्याला सारखीच आली.

तरीसुद्धा दिवाडीच्या माणसांच्या हाती काही गोष्टी शिल्लक होत्या. पहिली म्हणजे, त्यांचा देव त्यांच्याबरोबर आला. दुसरी म्हणजे, देवाबरोबर गावाची घडी आली. मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला गेली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. या सर्व देवस्थानांभोवती महाजनांची व्यवस्था राहिली, आणि महाजन ठरले ते मूळ गावच्या घराण्यांवरून. गाव सुटले, पण गावातले नाते देवळाच्या आवारात टिकून राहिले. तिसरी गोष्ट अगदी साधी. नार्व्याच्या काठावर उभे राहिले की समोर बेट दिसत होते. तिकडे जाता येत नसेल, पण ते होते. आजा नातवाला बोट दाखवून सांगू शकत होता की आपण तिथले.

पुढे शंभरएक वर्षे गेली. 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज नार्व्याला आले आणि त्यांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. शके 1590, कार्तिक वद्य पंचमीचा, म्हणजे 13 नोव्हेंबर 1668 चा शिलालेख तेथे आहे. 2023 च्या फेब्रुवारीत गोवा सरकारने पुन्हा जीर्णोद्धार करून हे देऊळ भाविकांना खुले केले. महाराजांनी जीर्णोद्धार केला तो नार्व्याला, देव दिवाडीला परत नेला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तोवर चार-पाच पिढ्या उलटल्या होत्या आणि पैलतीर हेच घर झाले होते. दुःख संपले म्हणून नव्हे. ते ठेवायला एक जागा मिळाली म्हणून.

आता आपल्या निमाडाकडे वळू.

खंडव्याहून इटारसीच्या वाटेवर हरसूद नावाचे गाव होते. गाव कसले, तहसिलीचे नांदते शहर. बाजार, शाळा, देवळे, मशिदी, रेल्वे स्टेशन सगळे असलेले. नर्मदा जलविवाद लवादाने 1979 मध्ये निवाडा दिला. पुनासाजवळच्या धरणाची कोनशिला 23 ऑक्टोबर 1984 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते बसली. त्यानंतर आठ दिवसांनी त्यांची हत्या झाली, आणि नर्मदासागर म्हणून आखलेल्या या प्रकल्पाला पुढे इंदिरासागर हे नाव मिळाले. 28 सप्टेंबर 1989 रोजी हरसूदला संकल्प मेळावा भरला. देशभरातून हजारो माणसे आली. बाबा आमटे होते, मेधा पाटकर होत्या, सुंदरलाल बहुगुणा होते. विनाश नको, विकास हवा, असा तेथला निर्धार होता. बाबा तर 1990 मध्ये आनंदवन मागे ठेवून बडवानीजवळ कसरावदला नर्मदाकाठी येऊन राहिले. मराठी माणसाने नर्मदेशी जोडलेले हे नाते आमच्या भागात अजून आदराने सांगितले जाते.

पण धरण झाले. सरकारने हरसूद रिकामे करण्याची शेवटची तारीख ठरवली, 30 जून 2004. त्या उन्हाळ्यात हरसूदच्या लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली. दारे, चौकटी, पत्रे, कौले, विटा, जे जे पुन्हा उपयोगी पडेल ते ट्रॅक्टरवर लादले. हिंदी पत्रकार विजय मनोहर तिवारी यांनी त्या दिवसांवर ‘हरसूद 30 जून’ हे पुस्तक लिहिले आहे. शत्रूने पाडलेले गाव इतिहासात पुष्कळ सापडते. रहिवाशांनी स्वतःच घण घालून पाडलेले गाव विरळा. ज्या भिंतीवर आईने दिवाळीला गेरू दिला, तीच भिंत मुलाने पाडायची, आणि तीही घाईने, कारण पाणी येणार होते. खंडवा-इटारसी लोहमार्गही त्या भागात वळवावा लागला. काहींना छनेरा येथे वसवलेल्या नव्या हरसूदात भूखंड मिळाले. बाकीचे खंडवा, इंदूर, हरदा, बऱ्हाणपूर, जिथे नातलग किंवा काम तिकडे पांगले.

मी तेव्हा मुख्याध्यापक नव्हतो, वर्गशिक्षक होतो. त्या जुलैत हरसूदहून आलेल्या दोन भावंडांचे प्रवेश माझ्या हातून झाले. टी.सी. वर शाळेचे नाव, शिक्का, सही, सगळे रीतसर होते. दाखला रजिस्टरात जन्मस्थानाचा रकाना असतो. मी पेन हातात घेऊन क्षणभर थांबलो. त्यांची आई निमाडी बोलणारी, शांत बाई. ती म्हणाली, “हरसूदच लिहा, मास्साब. जन्मली तर तिथेच ना.” मी लिहिले. पुढचा रकाना कायमच्या पत्त्याचा होता. तेव्हा तिने नवऱ्याकडे पाहिले आणि नवऱ्याने माझ्याकडे. तो रकाना आम्ही पेन्सिलने भरला. आमच्या रजिस्टरात पेन्सिलने काही लिहिण्याची रीत नाही. पण त्या दिवशी शाई वापरावी असे आम्हा तिघांपैकी कोणालाच वाटले नाही.

दिवाडी आणि हरसूद यांची तुलना सरळसोट करता येणार नाही, हे मी जाणतो. एकीकडे धर्मसत्तेचा जुलूम, दुसरीकडे निवडून आलेल्या सरकारचा विकास प्रकल्प. इंदिरासागरची वीजनिर्मितीची क्षमता 1000 मेगावॅट आहे. साठवण सुमारे 12.22 अब्ज घनमीटर, देशातल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक. या विजेवर मध्य प्रदेशातले दिवे लागतात, कालव्यांनी निमाडाच्या शेतांना पाणी मिळते. आपल्या घरातला पंखा फिरत असताना धरणाला नुसती नावे ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. प्रश्न वेगळा आहे. या 1000 मेगावॅटसाठी 249 गावे बाधित झाली. त्यांच्या सोडण्यात आणि दिवाडीच्या सोडण्यात फरक काय, हा तो प्रश्न.

फरक असा की हरसूदचा हिशेब घरागणिक झाला. इतके चौरस फूट बांधकाम, इतक्या खिडक्या, इतकी झाडे, इतके रुपये. जो खातेदार त्याला मोबदला. या पद्धतीत शेजाराला भाव नाही. पिठाची गिरणी घराला लागून होती, समोरचा डॉक्टर रात्री उठून यायचा, वाणी वहीवर उधार द्यायचा, याची नोंद कोणत्या पंचनाम्यात करायची? दिवाडीकरांना कोणी छदामही दिला नाही, पण त्यांची घडी ते स्वतः उचलून घेऊन गेले. हरसूदकरांना पैसे मिळाले, कमी म्हणा जास्त म्हणा, पण घडी विस्कटली. पूर्वीच्या बाजारात ज्याचे दुकान चौकात चालत होते, त्याला नव्या जागी चौकच नव्हता.

आणि दुसरा फरक, समोर बेट नव्हते. नार्व्याच्या आज्याला दाखवायला दिवाडी होती. हरसूदच्या आज्याने बोट कुठे दाखवावे? पाण्याकडे? उन्हाळ्यात जलाशय उतरला की जुन्या हरसूदचे अवशेष उघडे पडतात. मग माणसे तेथे जातात. गाळातून चालत चौथरे शोधतात, हा आपला ओटा, ही आपली गल्ली, असे एकमेकांना सांगतात. पावसाळा आला की सगळे पुन्हा झाकले जाते.

मात्र त्या सगळ्या पाण्यात एक बेट उरले. ते संत सिंगाजींचे. सिंगाजी हे 16व्या शतकातले निमाडचे संत, जातीने गवळी. त्यांची निर्गुणी भजने निमाडच्या गावोगावी मृदंगाच्या तालावर म्हटली जातात. वारकरी घरातल्या माणसाला ती परकी वाटू नयेत, इतका भाव जवळचा. जन्म बडवानीकडच्या खजुरीचा, पण परंपरा सांगते की त्यांचे वडील कुटुंब आणि गुरेढोरे घेऊन हरसूदला येऊन राहिले. म्हणजे हरसूदचे सर्वांत थोर नाव हे मुळात बाहेरून वस्तीला आलेल्या घरातले. पिपल्या गावी त्यांची समाधी आहे. इंदिरासागरचे पाणी तेथेही आले. पण समाधीचे स्थान उंच बांधकाम करून पाण्याच्या वर राखले गेले, आणि आता चहूकडे जलाशय, मध्ये समाधी, असे ते झाले आहे. शरद पौर्णिमेला तेथे जत्रा भरते, दूरदूरहून लोक निशाण घेऊन येतात. त्या गर्दीत बुडालेल्या गावांची माणसे एकमेकांना भेटतात. हरसूदकरांना नार्वे मिळाले नाही, पण ही एक जागा मिळाली. सप्तकोटेश्वर बेट सोडून मुख्य भूमीवर आला. सिंगाजींच्या भोवतालची मुख्य भूमी निघून गेली आणि तेच बेटावर राहिले.

बडवानीजवळच्या राजघाटाची गोष्ट याहून अलीकडची. तेथे गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थींची समाधी होती. सरदार सरोवराचे पाणी चढणार म्हणून 2017 मध्ये ती उचलून दुसरीकडे नेली. सप्टेंबर 2019 मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदाच 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्या पावसाळ्यात राजघाटाला उरलेल्या घरांना पाण्याने वेढले आणि गावाचा टापू झाला. पुनर्वसनाचा प्रश्न सुटला नाही म्हणून काही कुटुंबे तेथेच थांबली होती. नावेतून ये-जा करीत ती राहिली. बेटावर जन्मलेली माणसे बेट सोडतात, हे आपल्याला ठाऊक होते. येथे घर जागच्या जागी राहिले, त्याचे बेट झाले, आणि मग ते सोडण्याची पाळी आली. पलीकडे सातपुड्यात, नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांनी हे आपल्याही आधी भोगले आहे.

असेही झाले की याच टापूंना आता पर्यटक जातात. हनुवंतियाला 2016 पासून जल महोत्सव भरतो, तंबू लागतात, नौका फिरतात. मुलांना घेऊन जरूर जावे, जागा सुंदर आहे. फक्त नावेत बसल्यावर त्यांना एवढे सांगावे की या पाण्याखाली रस्ते आहेत.

हे सगळे मी एका मराठी दिवाळी अंकात लिहितो आहे, त्यालाही कारण आहे. भाषेचे अभ्यासक ‘भाषाबेट’ असा शब्द वापरतात. एका भाषेच्या मुलखात दुसऱ्या भाषेची वस्ती असली की ते भाषाबेट. आपण सीमाभागातले लोक अशा बेटांवर राहतो. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्ये नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि निमाड मध्य प्रदेशात राहिले. आमच्या घरांपैकी एकही घर त्या दिवशी जागचे हलले नाही. रेघ हलली. राजघाटासारखेच म्हणा ना. तेव्हापासून आमच्या घरात मराठी, बाजारात हिंदी, खेड्यात निमाडी आणि रावेरच्या बाजूला अहिराणीचा सूर. यात दुःख मानावे असे मला वाटत नाही, दोन-तीन भाषांत वाढलेले मूल श्रीमंतच असते. पण आता या बेटावरूनही नावा निघतात. मुले इंदूरला, पुण्याला, बंगळुरूला जातात आणि ती जायलाच हवीत. प्रश्न इतकाच की ती काय बरोबर नेतात, आणि मागे वळून पाहिले तर त्यांना काय दिसते.

दिवाडीकरांकडून मला एक शिकावेसे वाटते. ज्याला निघणे भाग आहे, त्याने गावाची घडी बरोबर न्यावी. आणि घडी न्यायची तर ती आधी कोणीतरी लिहून ठेवायला हवी. हरसूदला 2004 मध्ये जे साठीचे होते, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. कोणती गल्ली कोणाची, नदीवर जाण्याची वाट कोठून, गणपती कोणाच्या ओट्यावर बसे, ताबूत कोणत्या चौकात थांबत, हे सांगणारी माणसे फार काळ असणार नाहीत. सरकारी दप्तरात चौरस फूट सापडतील. हे सापडणार नाही.

आमच्या शाळेत गेली काही वर्षे नववीच्या मुलांना मी दिवाळीच्या सुट्टीत एक काम देतो. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसायचे आणि त्याच्या लहानपणच्या गल्लीचा नकाशा काढायचा. घरांच्या जागी घरमालकाचे नाव नव्हे, तर हाक मारायचे नाव लिहायचे. अमक्या काकू, तमके मामा, फलाणे चाचा. मुले सुट्टीनंतर वह्या घेऊन येतात. काही नकाशे बऱ्हाणपूरच्या पुऱ्यांचे असतात, काही जळगाव-यावलकडचे, काही फाळणीनंतर आलेल्या घरांतून सिंधचे. अधूनमधून एखादा हरसूदचा येतो. त्यात मुलाने पाणी निळ्या पेन्सिलीने रंगवलेले असते आणि त्या निळ्यावर, खाडाखोड न करता, शाईने नावे लिहिलेली असतात.